नाल्यात थांबणारी मोटार

मानोरा, ता. ६ फेब्रुवारी १९५५

ती. केशरीचंदभाऊंस धाकट्या बहिणीचा जय जिनेंद्र व शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सारे खुशाल. विचारायचे आहे ते मोटारीचे. यांनी दिवाळीत घेतलेली जुनी मोटार पोहरादेवीच्या वाटेवर मध्येच बंद पडते आणि थोड्या वेळाने आपली आपण सुरू होते. मिस्त्रीने प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल नवी घातली. फरक नाही. पुढच्या दिव्यांचे बल्ब मात्र दोनदा उडाले.

हे ड्रायव्हरच्या शेजारी बसले की ती कधीच थांबत नाही. आमचा ड्रायव्हर हेमसिंग सवारी घेऊन गेला की थांबते, आणि तीही नेमकी त्याच्या तांड्याजवळच्या नाल्यात. यांना वाटते, घरी जाऊन बसायला तो मुद्दाम थांबवतो. हेमसिंग म्हणतो, "बाई, मी कायले थांबवू? लोकं मलेच शिव्या देऊन राह्यले." मला तो खरा वाटतो. तुमचे बॅटरीचे दुकान आहे, तुम्हीच काही सुचवा.

वहिनींस नमस्कार. बहिणीवर माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमची प्रेमा

अकोला, ता. ११ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. प्रेमास अ. उ. आशीर्वाद.

लहानपणी तू आईचे शिवणयंत्र उघडून बसलीस आणि जोडायला मला बसवलेस. आता मोटार!

पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेट उघडू नका. आधी हॉर्न दाबा, दिवा लावा. हॉर्न वाजला तर दोष कॉइलच्या बाजूला. हॉर्न आणि दिवा दोन्ही मुके, तर इंजिनाला हात लावू नका, बॅटरीपासून तारा धुंडाळा. बल्ब उडतात म्हणजे मला बॅटरीचाच संशय आहे. आणि कांतीलालजींना सांग, दोष सापडेपर्यंत माणसाला बोल लावू नये.

मुलांना पापे. खुशाली कळवीत जा, म्हणजे आम्हाला बरे वाटते.
केशरीचंद

मानोरा, ता. २० फेब्रुवारी १९५५

ती. भाऊंस सा. नमस्कार.

तुमचे पत्र येण्याआधीच नको ते झाले. सासूबाईंना ताप चढला होता. हेमसिंग त्यांना पोहरादेवीच्याच वाटेने पुढच्या गावी डॉक्टरांकडे नेत होता. मोटार नाल्यात थांबली ती हललीच नाही. त्याने तांड्यावरून बैलगाडी आणली, त्यांना पुढे नेले. आता त्या बऱ्या आहेत. पण यांनी भर बाजारात त्याला खोटारडा, दगाबाज म्हटले. त्याने किल्ली आमच्या दुकानाच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेला.

मग हे स्वतः चालवू लागले. काल मी मागे बसले होते. त्याच नाल्यात मोटार बंद! यांचा चेहरा उतरला. मी तुमच्या पत्रातले सांगितले. हॉर्न दाबला, मुका. दिव्याचे बटण ओढले, अंधार. पाना शोधायला हे डावीकडच्या सीटवर सरकले, पाय खालच्या फळीवर पडला, तोच दिवा लागला! पाय उचलला, विझला. पुन्हा ठेवला, लागला. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. फळी काढली तर खाली बॅटरी, आणि तिच्यातून मोटारीच्या सांगाड्याला गेलेली जाड तार गंजून सैल झालेली. हे नेहमी डावीकडेच बसतात, आणि यांचे वजन तुम्हाला माहीत आहे.

पण ती नाल्यातच काहून थांबते, ते कळवावे. बहिणीला विसरू नये.
प्रेमा

अकोला, ता. २५ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. प्रेमास अ. आशीर्वाद.

शाबास! ती तार सोडवून दोन्ही टोके पांढरी दिसेपर्यंत घासा आणि घट्ट आवळा. मोटार वेगात असते तेव्हा डायनामो वीज देतो, बॅटरी सुटली तरी इंजिन चालते. उलट वीज अनावर होऊन बल्ब उडतात. नाल्यात वेग कमी केला की डायनामो थंडावतो, सारा भार बॅटरीवर येतो, आणि तिची तारच सैल. तिथे कोणीही चालवली असती तरी थांबली असती.

मोटारीचे झाले. हेमसिंगचे काय केले, ते लिही. वाट पाहतो.
केशरीचंद

मानोरा, ता. १५ मार्च १९५५

ती. भाऊंस सा. नमस्कार.

तार घासून बसवली. मोटार आता कुठेच थांबत नाही.

हे तांड्यावर गेले, मीही गेले. चूक झाली म्हणाले. हेमसिंग खाली बघत राहिला. त्याची बायको हिरीबाई पुढे आली आणि म्हणाली, "बजारात बोलले ना, मंग बजारातच सांगा." यांच्या कपाळावर आठी पडली. हे तसेच वळले आणि मोटारीत जाऊन बसले. मला वाटले, संपले आता.

पण बाजाराच्या दिवशी हे दुकानासमोर उभे राहिले आणि मोठ्याने सांगितले, की दोष मोटारीत होता, हेमसिंगमध्ये नव्हता, मी खोटे बोललो. लोक तराजू सोडून ऐकत होते. हेमसिंग गर्दीत मागे होता. पुढे आला, किल्लीसाठी हात पुढे केला.

आता रोज येतो, यात्रेकरूंना पोहरादेवीला नेतो. बोलतो कामापुरते. सासूबाई रोज त्याच्यासाठी चहा बाहेर पाठवतात, तो नको म्हणतो. मी म्हटले, कशाला पाठवता? त्या म्हणाल्या, पाठवत राहायचे.

सर्वांस यथायोग्य नमस्कार. उन्हाळ्यात वहिनींना घेऊन या, बहिणीचे घर आपलेच समजावे.
तुमची प्रेमा