पेन्सिलीचं दुसरं टोक

३ मार्च १९५८
आज रुजू झाले! ग्रंथालयात नदीकडच्या खिडकीपाशी टेबल मिळालं. पलीकडे मेक्सिको, अलीकडे मी आणि जज्ज अॅम्ब्रोस टेल्फर यांची दप्तरं. हा मुलूख नुकता टेक्सासात आला तेव्हा ते घोड्यावरून वकिली करायला आले आणि जज्ज होऊन इथेच वारले. कागदांच्या गंजलेल्या टाचण्या काढायच्या, घड्या सपाट करायच्या, प्रत्येक गठ्ठ्याचं वर्णन लिहायचं. शाई वर्ज्य, फक्त पेन्सिल. काम पसंत पडलं तर नोकरी कायम. आमच्या दक्षिणेकडच्या मेक्सिकन वस्तीतली इथे मी पहिलीच. आईने डब्यात बीन्स आणि तोर्तिया, आमच्या मक्याच्या पोळ्या, दिल्या होत्या. वास येईल म्हणून मागच्या जिन्यात बसून खाल्ल्या.

७ मार्च
जज्जांची नात मिस लेनोरा टेल्फर आल्या. कागद त्यांनीच दिलेत, जज्जांच्या नावाने इथे होणाऱ्या दालनाचा खर्चही त्यांचाच. फार गोड बोलतात. बाल्देरास म्हणजे तुम्ही अस्सल स्पेनकडचे असणार, म्हणाल्या. मी हो म्हटलं.
घरी सांगितलं तर आई पोट धरून हसली. "स्पेन? अगं एल्विरा, तुझा बाप नदी ओलांडताना एक बूट हरवून आला होता!" मग हसू मावळलं आणि ती पाठ फिरवून भांडी घासू लागली.

११ मार्च
आज जमिनींच्या खरेदीखतांचा गठ्ठा. ज्याला सही येत नाही त्याने लेखणीच्या वरच्या टोकाला नुसतं बोट लावायचं, फुली वकील काढणार, अशी तेव्हाची रीत. सगळ्या फुल्या जज्जांच्या हातच्या, उजवीकडे झुकलेल्या.
त्यांत एक एउसेबियो आरिस्पे यांची. माझ्या आईचे आजोबा. वरच्या कुरणांसकट सगळी जमीन जज्जांना विकलेली.
पण ते तर गावाची पत्रं लिहून देत. घरच्या बायबलात आजीचा आणि तिच्या भावंडांचा जन्म त्यांच्याच वळणदार अक्षरात आहे. ज्याला लिहिता येतं तो फुलीला बोट कशाला लावेल?

१२ मार्च
ग्रंथपाल ओडेलसाहेबांना सांगितलं, फक्त ते माझे पणजोबा हे सोडून. त्यांनी लगेच मिस लेनोरांना कळवलं. मग मिस लेनोरांचा फोन. म्हणाल्या, अगं बाळ, मेलेल्यांची भांडणं कशाला उकरतेस? निरक्षर विक्रेते, राजीखुशीने विक्री, एवढं लिही आणि मोकळी हो. शुक्रवारी दालनाचं उद्घाटन. माझं नोकरी कायम झाल्याचं पत्रही तेव्हाच.
लिहिलं. सुवाच्य अक्षरात. पणजोबांच्या कागदासाठीसुद्धा.
लिहिताना वाटलं, पेन्सिलीचं वरचं टोक कुणीतरी धरलंय.

१३ मार्च
भर दुपारी. लख्ख ऊन. पेन्सिल जड होत गेली. वरच्या टोकाला एक बोट, कोरडं, राठ. मग आणखी एक. मग गर्दी. ओढत नव्हती, अडवत नव्हती. नुसती टेकवलेली, कुणीतरी टेकवायला लावल्यासारखी.
पणजोबा असतील म्हणून हळूच माफी मागितली. बोटं हलली नाहीत.
आईने विचारलं, जज्जांच्या कागदांत आपलं काही निघालं का. नाही म्हटलं. तिच्याकडे बघवलं नाही.

१४ मार्च
पाहुणे यायच्या आत सगळं खोडायचं ठरवलं. नोकरी गेली तर जाऊ दे. खोडलं. "यांना लिहिता येत होतं" असं लिहायला घेतलं आणि —
राजीखुशीने.
पुन्हा खोडलं. पुन्हा तेच. अक्षर माझं नाही. उजवीकडे झुकलेलं.

खाली टाळ्या सुरू झाल्या.

आता नीट बघितलं. पेन्सिल मी धरलेलीच नाही. माझं बोट वरच्या टोकाला आहे, त्या सगळ्यांच्या बोटांना लागून. खाली, शिशापाशी, एक गार मूठ —

काढता येत नाही —

ही वही तरी मीच लिहितेय ना —

आईला कुणीतरी सांगा, मला माहीत होतं, मी तिला खोटं — त्यांना लिहिता येत होतं, त्यांना लिहि

ता येत नव्हतं. मलाही येत नाही. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी राजीखुशीने मान्य केला. एल्विरा बाल्देरास, तिची निशाणी × समक्ष अॅम्ब्रो