तळाचा गोळा अध्यक्षांचा

२ जून
आज एकमताने क्लबचा अध्यक्ष झालो. एकमताने म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, पण त्याला माझा इलाज नाही. दातांचे डॉक्टर तर मीटिंगलाच आले नाहीत. धसका घेतला असणार.

यंदाचं काम, शिष्यवृत्ती निधी. आमच्या गल्लीतल्या शिंपीदादांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, पण फी भरण्याची ऐपत नाही. ती क्लब भरणार. शेवटची तारीख ३१ जुलै. मी भाषणात म्हणालो की दानाची सुरुवात अध्यक्षापासून व्हायला हवी, आणि उभ्या उभ्या एक आकडा जाहीर केला. इथे लिहीत नाही, उगाच स्वतःची स्तुती. टाळ्या जोरात पडल्या. खजिनदारबाईंनी (निवृत्त हेड नर्स, हसत नाहीत) तिथल्या तिथे पावतीपुस्तक उघडलं. म्हटलं, घाई काय, सोमवारी चेक देतो.

घरी सौ. म्हणाली की तेवढ्या पैशांत तर तुमची ती खुर्ची येते. निव्वळ योगायोग.

३ जून
खुर्चीबद्दल थोडं. रिक्लायनर. पाठ मागे जाते, पाय आपोआप वर येतात. अख्खा जन्म रंगाच्या दुकानात उभं राहून काढल्यावर माणसाने एवढं मागू नये का? मागच्याच महिन्यात ॲडव्हान्स दिलाय. उरलेले पैसे बाजूला काढून ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही हा निश्चय.

५ जून, सोमवार
चेकबुक कपाटात. कपाटाची किल्ली सौ.कडे. सौ. बहिणीकडे. परिस्थितीपुढे माणूस काय करणार. मंगळवारी नक्की.

९ जून
मंगळवारी पेन उठत नव्हतं. नंतर राहून गेलं. पण आज चेकपेक्षा मोठी गोष्ट सुचली.

चौकात भलामोठा थर्मामीटर उभा करायचा, प्लायवुडचा. निधी वाढेल तसा पारा वर चढणार. प्रत्येक सभासदाची एक पट्टी, पट्टीवर त्याचा व्यवसाय लिहिलेला. तळाचा गोळा अध्यक्षांचा, कारण पाया भक्कम हवा. खजिनदारबाई म्हणाल्या, पैसे हातात आले की मगच लाल करा. मी समजावलं की सभ्य माणसाने शब्द दिला म्हणजे पैसे आलेच. त्यांनी चष्मा काढून पुसला. पटलं असावं.

११ जून
गोळा स्वतः रंगवला. सिग्नल रेड, दुकानातला सगळ्यात भारी. वर पांढऱ्याने ‘अध्यक्ष’ लिहिलं. बस स्टॉपवरूनसुद्धा वाचता येतं, मी जाऊन पाहिलं. सौ. बाजाराला आली होती. बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं काय, तर चेक दिलात का. काही माणसांना कलेत रस नसतो.

१८ जून
आज दुकानातून सगळ्यांना फोन. अकाउंटंट म्हणाले, नक्की देतो. ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले, समजा दिलेच. बेकरीवाले म्हणाले, तुम्हाला नाही म्हणणार का. दातांचे डॉक्टर म्हणाले, बघू. बघू म्हणजे होच.

संध्याकाळपर्यंत पारा टोकाला. कंबर धरली, पण असा पराक्रम या क्लबच्या इतिहासात झाला नसेल. खुर्ची आल्यावर कंबरही सुटेल.

२३ जून
बाजारातून चालणं मुश्किल झालंय, जो तो अभिनंदन करतो. बेकरीवाल्यांनी काउंटरवर निधीसाठी बरणी ठेवली होती, ती उचलली. गिऱ्हाइकंच म्हणायला लागली म्हणे की थर्मामीटर भरलाय, आता कशाला.

दुपारी शिंपीदादा मुलीला घेऊन दुकानात आले. तिला मोबाइलच्या दुकानात नोकरी चालून आली होती. ती घेऊ की सोडू, असं विचारत होती. मी नुसतं चौकाकडे बोट दाखवलं. तरी पोरगी विचारते, काका, पैसे खरंच जमलेत ना? म्हटलं, जमलेत म्हणजे काय, आता वरून सांडायचे बाकी आहेत. हसली आणि नोकरीला नाही सांगायला गेली.

चेक उद्या. आज अभिनंदनांतच दिवस गेला.

१ जुलै
मीटिंग. खजिनदारबाईंनी हिशोब वाचला. फार वेळ लागला नाही. बेकरीच्या बरणीतली चिल्लर आणि स्वतः खजिनदारबाईंचे पैसे, संपलं. बाकी कोणी छदाम दिलेला नाही.

मला राहवलं नाही. उठून चांगला अर्धा तास बोललो. हल्ली माणसाच्या शब्दाला किंमतच उरली नाही, एका गुणी मुलीचं आयुष्य टांगणीला लागलंय, तुम्हाला रात्री झोप कशी लागते, वगैरे. सगळे खाली बघत होते. खजिनदारबाई तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या. मुद्दे आवडले असणार.

२ जुलै
खजिनदारबाई सकाळीच दुकानात. पांढरा ऑइल पेंट मागितला. डिस्काउंट देऊ केला, नको म्हणाल्या. रोख दिले, बिल घेतलं, आणि या वयात शिडीवर चढून आपली स्वतःची पट्टी सोडून सगळा थर्मामीटर पांढरा करून टाकला. गोळ्यासकट. व्यवसाय मात्र काळ्याने पुन्हा ठळक लिहिले.

सरसकट पांढरं करणं मला जरा अन्यायाचं वाटलं. माझा चेक तर येतोच आहे.

८ जुलै
चमत्कार! पांढऱ्या पट्टीवर आपला धंदा वाचून लोकांना घाम फुटतोय. अकाउंटंट पैसे घेऊन धावत आले. पाठोपाठ ड्रायव्हिंग स्कूल. पावती झाली की मी ब्रश घेऊन हजर. थोडी लाज वाटायला लावली की माणूस सुधारतो, हे माझं जुनं मत. यावर वर्तमानपत्रात लेख लिहावा. कपाटातून चेकबुक काढलं, आत चेक एकच. शेवटचा चेक जपून वापरावा.

१५ जुलै
बेकरीवाले झाले. दातांचे डॉक्टरही झाले, शिवाय घराच्या फाटकासाठी सिग्नल रेडचे दोन डबे घेऊन गेले. एकंदर यश.

गोळा तेवढा राहिला. त्यामुळे पारा अधांतरी सुरू झाल्यासारखा दिसतो. खजिनदारबाईंना सुचवलं की गोळ्याचा, पट्ट्यांचा रंग, ब्रश, फोन, माझी कंबर, हे सगळं माझ्या आकड्यातून वजा करावं. त्या म्हणाल्या, पांढरा रंग मी रोखीने घेतला होता, बिल दाखवू का. या बाईंशी बोलणं फार अवघड आहे.

२२ जुलै
एक जुना ग्राहक घराच्या बाहेरचा रंग घ्यायला आला आणि तसाच परत गेला. म्हणाला, तुमचा लाल रंग खालून उडतो असं ऐकलं. कुठे ऐकलं विचारलं तर म्हणाला, ऐकायला कशाला हवं, चौकात दिसतंच की. दुसरा म्हणाला, ओल धरलीय वाटतं. कोणालाही सांगता येत नाही की रंगात खोट नाही. मग खोट कशात आहे, असा पुढचा प्रश्न येतो.

सौ.ने आज काही विचारलं नाही. हे जास्त वाईट.

२६ जुलै
खुर्ची शनिवारी येणार, दुकानदाराचा फोन. जागा करून ठेवा म्हणाला.

फोन ठेवतो तोच शिंपीदादांची मुलगी दारात. एकटीच होती. मोबाइलच्या दुकानात पुन्हा विचारून आली होती. ती जागा भरली म्हणे. रडली नाही, तक्रार केली नाही. फक्त विचारलं, काका, माझं काही चुकलं का, म्हणून थांबलंय का?

 मी रंगांचं शेडकार्ड हातात घेतलं आणि उगाच चाळत बसलो. ती जरा थांबली आणि येते म्हणून गेली. अर्ध्या तासाच्या भाषणाचा माणूस मी. तिला ‘नाही’ असा एक शब्द म्हणता आला नाही.

आज खुर्चीचा कॅटलॉग उघडला नाही.

२८ जुलै
खुर्ची रद्द केली. दुकानदार म्हणाला ॲडव्हान्स परत मिळणार नाही. हुज्जत घातली. शेवटी त्याने त्या बदल्यात पाय ठेवायचं स्टूल दिलं. गादी चांगली आहे.

तिथून थेट खजिनदारबाईंच्या घरी. चेक दिला. त्यांनी आकडा दोनदा वाचला, तारीख बघितली, सही बघितली, पावती फाडली. मग म्हणाल्या, आला म्हणायचा सोमवार. आणि हसल्या. मी पहिल्यांदाच पाहिलं. हसतात तर छान.

३१ जुलै
फी भरली. खजिनदारबाई स्वतः तिच्याबरोबर गेल्या होत्या.

मी ब्रश घेऊन चौकात गेलो. दुकानात सिग्नल रेड शिल्लक नाही. शेवटचे दोन डबे दातांच्या डॉक्टरांच्या फाटकावर. जवळची म्हणून जी शेड घेतली ती वाळल्यावर वीटकरी निघाली. वर सगळा पारा लालभडक, तळाला मी वीटकरी. बस स्टॉपवरून जास्तच उठून दिसतो.

मुलगी पावती दाखवायला आली. थर्मामीटरकडे बघून विचारलं, काका, हा तळाचा वेगळा कसा? म्हटलं, तो उशिरा भरला. ती म्हणाली, पण भरला ना. आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी घाईने मागे सरलो तर रंगाचा डबा सांडला.

घरी सौ. म्हणाली, दमलात, बसा आता. हे तिने मनापासून म्हटलं. पण स्टुलावर बसलो तर पाय जमिनीवर, आणि पाय स्टुलावर ठेवले तर मीच जमिनीवर. सध्या जमिनीवर आहे.