पाण्यातला भात

भर समुद्रातून, मे १९५५

पार्बते,

आमची बोट कालपासून समुद्रात बंद पडून आहे. बिजली गेली, पंखे थांबले, मी राबतो त्या भटारखान्यातल्या चुली थंड झाल्या. दोन गंज भात उरला होता. बडा खानसामा म्हणे, फेकून दे. मी त्यात पाणी ओतून ठेवलं अन् आज मीठ-कांदा घालून लोकायले वाढला. आधी त्यायनं नाकं मुरडली, मंग उकाड्यात वाटीवर वाटी मागितली.

एक म्हातारी म्हणे, "बाबू, हे कोणी शिकवलं?"

"आमच्या चांदा जिल्ह्याकडे असाच खातेत," म्हटलं. तुझं नाव नाई घेतलं.

चार वर्षांआधी धान रोवताना तू हाच भात बांधीवर आणला होता. "रोजचंच शिळं काऊन?" म्हणून मी गंज चिखलात उलटा केला अन् तसाच मूल गावच्या टेसनावर गेलो, तो परतलोच नाई. तू वाकून शितं वेचत राह्यली.

आज सगळ्यात शेवटी मी जेवलो. बुडाशी राह्यलेली शितं बोटानं वेचून खाल्ली.

हे पत्र धाडणार नाई. तुले वाचून दाखवणार तुझा भाऊ, अन् माफी त्याच्या तोंडून नको. इंजिन चालू झालं का रोवण्याले मीच येतो.

भात पाण्यात ठेवजो.

बांधीवरून उपाशी गेलेला,
लटारू