राखून ठेवलेली ओळ

नावडे,
दि. १९ फेब्रुवारी २०२५

ति. सुंदराबाई आजी,

पाया पडतो. तुमची तब्येत बरी असेल, गुडघ्याला तेल लावणं चालू असेल असं समजतो. मी इथं मजेत आहे. मजेत म्हणजे, आहे. जासईचं कंटेनर यार्ड सोडलं, आता तळोज्याच्या एका गोदामात लागलोय. हातानं करून खातो. भात रोज खाली लागतो.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुमची नात मैत्रीच वाचून दाखवणार. माझा फोन ती उचलत नाही, म्हणून कागद. मैत्री, लिहिलंय ते सगळं वाच. मधलं गाळलंस तर आजींना तुझ्या आवाजावरून कळेल.

सोबत मैत्रीचं जाड पुस्तक परत पाठवतोय. देताना म्हणाली होती, "वाच, आमच्याच घरातलं वाटेल." जुन्या ब्रिटनमधल्या पुजारणींची गोष्ट. आईनं मुलीला मंत्र द्यायचा, तिनं तिच्या मुलीला. कुठं लिहून ठेवायचं नाही. आमच्या साताऱ्याकडं लग्नाला भटजी लागतो. तुमच्याकडं नऊवारी नेसलेली धवलारीण मांडवात बसते, देवांना हाका मारते, धवले गाते आणि लग्न लागतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातलं ताट विसरलो होतो. तुमच्या आधी तुमची आई रखमाबाई, तिच्या आधी तिची आई. तुमच्यानंतर मैत्री. तिला वर्गात एकजण "लग्नातली गाणीवाली" म्हणाला म्हणून मी त्याचं नाक फोडलं आणि पुन्हा कॉलेजात गेलो नाही. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुला?" नव्हतं सांगितलं.

पुस्तक मात्र पूर्ण वाचलं नाही. रोमन शिपाई येतात तिथं थांबलो. त्यांना देवराईतली वाट सापडत नसते. ती दाखवतो आतलाच एक पोरगा, पुजारणीच्या हातचं जेवलेला.

आजी, रेकॉर्डिंगचं सांगायचंय.

तुम्ही ओट्यावर वाल सोलत होता. मी फोन पुढं केला. म्हटलं, मैत्रीला शिकायला बरं पडेल. तुम्ही म्हणालात, "नावाबिगर धवला चालत नाय रं पोरा. कोनाची नावं घालू?"

"आमचीच घाला की."

मैत्रीनं मला वालाची शेंग फेकून मारली. तुम्ही हसला नाहीत. "मस्करीत मागतंस का खरा?"

"खरं," मी म्हणालो.

मग तुम्ही गायलात. प्रीतम नवरा, मैत्री नवरी. मैत्री उठून आत गेली नाही, हे मी अजून धरून बसलोय. शेवटच्या ओळीशी तुम्ही थांबलात. "ही मांडवानच बोलाची. ही बोलली का लगीन लागला."

उलव्याच्या हॉलमध्ये तुमच्या पुतणीच्या, वैजयंतीच्या लग्नाच्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, की मानसिंग साउंडवाल्यानं माझ्या फोनमधून ती फाइल चुकून घेतली. तुमच्यासमोरही तेच बोललो, तुमच्या पायाला हात लावून.

मैत्री, वाच.

फाइल मीच दिली. मानसिंगला म्हणालो, आजींना खोकला आहे, एवढ्या मोठ्या हॉलात आवाज पोचायचा नाही, हे लाव. तुम्ही सुपात तांदूळ घेऊन आलात आणि तो म्हणाला, "आज्जी, तुमी आरामात बसा, तुमचाच आवाज लावतोय." तुम्हाला कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची दिली. पुतणीच्या लग्नात, तुमच्याच लोकांत.

हेही अर्धंच आहे. त्यात कुणाची नावं आहेत हे मला माहीत होतं. चार दिवस आधी तुमचा मुलगा, सितारामकाका, यार्डाच्या गेटवर आले होते. "कॉलेज अर्धवट, डोका गरम, वर घाटावरचा. माज्या पोरीचा नाव तोंडान घेव नको." ड्रायव्हर हसले. माझं डोकं फिरलं. ठरवलं, मी नाही घेणार नाव. आजींच्या तोंडून घेववीन, सगळ्या भावकीसमोर.

तसं झालं. चारशे माणसांत स्पीकरमधून आमची नावं आली. कुणीतरी शिट्टी मारली. मैत्रीच्या मुठीत अक्षता होत्या, त्या तिनं खाली सोडल्या. तेजस नवरदेव इकडंतिकडं बघत राहिला. सितारामकाका माझ्याकडं आलेच नाहीत, ते तुमच्याकडं वळले: "आये, ह्या तू गायलास?" मग राखलेल्या ओळीपाशी फाइल संपली.

तुम्ही उठलात. माईक बाजूला सारलात. वैजयंतीच्या डोक्यावर हात ठेवून, तिचं आणि तेजसचं नाव घेऊन, पहिल्यापासून गायलात. खोकत, थांबत, शेवटच्या ओळीपर्यंत. आजी, मी सगळ्यात मागच्या रांगेशी उभा होतो. आवाज पोचला.

परवा वैजयंतीनं फोन केला. म्हणाली, त्यानंतर तुम्ही गायलाच नाहीत. दोन घरची बोलावणी परत पाठवलीत. "माजा गला आता माजा नाय," असं म्हणालात. आणि मैत्री म्हणते, तिला काही शिकायचं नाही. तेव्हापासून भात चढवतो आणि विसरतो मी.

मी काय केलं ते सांगतो. मानसिंगच्या समोर बसून त्याच्याकडची फाइल पुसली, मग माझ्याकडची. पुसण्याआधी एकदाही ऐकली नाही. आता तो धवला तुमच्या गळ्याशिवाय जगात कुठंच नाही. तुम्ही गप्प राहिलात तर रखमाबाईही गप्प, तिची आईही गप्प.

सितारामकाकांना पुढचा कागद वेगळा लिहिलाय. त्यात सगळं कबूल केलंय, तुमचा काही दोष नाही हेही. तो भावकीत वाचला तरी चालेल.

मैत्री, तुझ्यासाठी वेगळं लिहीत नाही. तुझ्या लग्नात माझंच नाव यावं असं वाटतं, अजून वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मागणार नाही. ज्याचं येईल त्याचं येवो. फक्त ते माणसाच्या तोंडून यावं, समोर बसून, तुझ्या मर्जीनं. त्यासाठी कुणाला तरी गाता यायला हवं.

आजी, उद्या वाल सोलायला बसाल तेव्हा हिला समोर बसवा. आमची नावं काढून टाका, दुसरी कुठलीही घाला. शेवटची ओळ राखून ठेवा.

खाली सही करत नाही. माझं नाव मी तुमच्या तोंडून फसवून घेतलं, ते अजून तुमच्याकडंच आहे. टाकायचं तर टाका. पुन्हा कधी हाक मारावीशी वाटली, तर त्याच नावानं मारा.

तुमच्या पायांशी,
ओट्यावरचा तो पोरगा