मॅडम आणि सिस्टर

अहो,

वॉर्डातल्या दोन सिस्टर आजारी पडल्यात. मी डेप्युटी इन्चार्ज, म्हणून सुट्टी असूनही मलाच जावं लागतंय. तुमचा रात्रीचा राग गेला नसेल म्हणून उठवलं नाही. पोहे झाकून ठेवलेत, जीरावन मसाला वरून भुरभुरून घ्या.

वॉर्डात आता सगळेच मला मॅडम म्हणतात. पण काल तुम्ही टोमण्यात ‘मॅडम’ म्हणालात, ते लागलं.

लग्नाआधी तुमचे बाबा आमच्या वॉर्डात ॲडमिट होते तेव्हा सलाईन व्यवस्थित चालू असली तरी तुम्ही माझ्याकडे यायचात, “सिस्टर, जरा बघता का?” लग्न ठरल्यावर आईंनी दटावलं, बायकोला कोणी सिस्टर म्हणतं का. तेव्हापासून ते बंदच झालं.

संध्याकाळी घ्यायला या. वॉर्डाच्या दारातून एकदा तशीच हाक मारा. आईंना मी सांगणार नाही.

शुभदा