पातळ तारेवरचा सूर

२३ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. तू बरा असशील असं लिहायची रीत आहे, पण अकरा वर्षांत मी कधी विचारलं नाही, तेव्हा ते राहू दे. अक्षर गिचमिड आलंय, पेन बरं नाही. इकडे ही बरी आहे, गुडघे सोडून. दुकान चालू आहे. सध्या दुपारनंतरच उघडतो.

तुला हसू येईल असं एक सांगतो. मी व्हायोलिन शिकतोय. साठाव्या वर्षी! पलीकडच्या गल्लीत एक बाई शिकवतात, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं तेव्हा ओळख झाली. चार महिने झाले. जाड तारांवर बरं जमतं, म्हणजे बाई कपाळाला हात लावत नाहीत. पण सगळ्यात पातळ तारेवर बोट सरकवून उंच सूर काढायचा म्हटलं की नाकी नऊ येतात. निघतो तो चिरका, फाटका. खालच्या मजल्यावरचे मास्तर परवा तेलाची बाटली घेऊनच वर आले. म्हणाले, "तुमच्या दाराची बिजागरी फारच करकरते हो." हिने बाटली ठेवून घेतली.

बाई सांगायच्या, "काका, दाबू नका. वरचा सूर जोर लावून येत नाही. गज सावकाश ओढा, एका रेषेत." गज म्हणजे घोड्याच्या केसांची ती काठी. आता एका रेषेचं मला काय सांगायचं? केसाहून बारीक स्प्रिंगा श्वास रोखून बसवण्यात माझा जन्म गेला. मी म्हटलं, तुमचं व्हायोलिनच सुमार आहे. त्यांनी स्वतःचं दिलं. त्यावरही तेच. तार बदलली, गजाला राळ घासली, खुर्ची बदलली. शेवटी बाईंनी व्हायोलिन माझ्याकडून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, तुमचा गज थरथरतोय. जाड तारेवर ते कळत नाही. इथे लपत नाही."

मी त्यांच्यावर ओरडलो. इतका, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला ते आधीच ठाऊक होतं, दादा. दुकानात आता मी फक्त सेल बदलतो आणि पट्टे लावतो. उघडलेलं घड्याळ हातात घेत नाही. व्हायोलिनही हौसेनं धरलं नव्हतं. वाटलं, हाताला वळण लागेल. तो एक सूर स्वच्छ निघाला की हात बरा झाला, असं मनाशी ठरवून बसलो होतो. सकाळभर तोच सूर. म्हणून दुकान दुपारी. एकदाही निघाला नाही. आता निघणारही नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल काढायला लावला. म्हणाले, हा कंप आहे, वाढत जाईल. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला? बऱ्याचदा रक्तातूनच येतो."

मी म्हटलं, "नाही. कुणालाच नाही."

किती सहज गेलं तोंडातून. बाहेर येऊन पायरीवर बसलो, आणि अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला.

त्या दिवशी तुझ्या चिमट्यातून स्प्रिंग उडाली, तेव्हा गिऱ्हाईक समोर होतं. मी तुझा हात ओढून हुंगला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "दारू पिऊन बसलाय हा दुकानात." दादा, तो स्पिरिटचा वास होता. घड्याळाचे भाग आपण स्पिरिटनेच धुतो. माझ्याही हाताला तोच वास होता. वीस वर्षं तुझ्या शेजारी बसून मला एवढं कळू नये? कळलंही असेल. पण हात थरथरण्याचं दुसरं कारण मला सुचलं नाही, आणि दुकानाची अब्रू जाईल म्हणून जीव घाबरा झाला होता. तू म्हणालास, "अरे, मी प्यायलो नाही. मला काय होतंय तेच समजत नाहीये." मी तुझं भिंग रस्त्यावर भिरकावलं. आई गेली तेव्हा तू आलास, पण हात खिशातून काढले नाहीस. मी हिला म्हटलं, बघ, मस्ती अजून जिरली नाही.

माफी मागायला कागद घेतला होता. पण माफ करून तू तरी काय करशील? तुझी अकरा वर्षं मला परत आणून देता येणार नाहीत. बाईंकडे जाऊन आलो, त्यांना सॉरी म्हणालो, व्हायोलिन परत केलं. डॉक्टरांनाही खरं सांगणार आहे.

मला फार भीती वाटते रे. दुकानाशिवाय मी कोण, ते मला माहीत नाही. हे सगळं तू एकट्यानं काढलंस, आणि ते एकटेपण तुझ्यावर मी आणलं. तुला काही विचारायला मला तोंड नाही. तरी विचारतो, कारण दुसऱ्या कुणाला ठाऊक नसणार. चारचौघांत चहाचा भरलेला कप पुढे आला, की तू काय करतोस?

तुझ्यावर आळ घेणारा,
तुझा धाकटा