पोट आत, छाती पुढे

घाटकोपर, १९ जुलै २०२५

चि. सौ. शेवंतीस अ. उ. आ.

फोनवर मला धाप लागते आणि तिकडे तू रडत बसतेस, म्हणून पत्र. न्यूमोनिया गेला, पण जाताना अर्धा श्वास घेऊन गेला गं. गणपतीच्या आरतीतली ती लांबलचक ओळ एका दमात धरायचा मान आपल्या घरात माझा. यंदा तो शेजारच्या चंद्रप्रकाशला गेला तर काय तोंड दाखवू? तू सांगितलेली आसनं रोज करतोय. चाळीच्या व्यायामशाळेत शिकलेलंही विसरलो नाही: पोट आत, छाती पुढे, मग श्वास. तरी एक जिना चढलो की वाट लागते. तुझा योग मलाच का लागू पडत नाही, ते कळव.

भावोजींना नमस्कार. लोभ जास्त, उपदेश थोडा असू दे.

मधुदादा

बोरिवली, २४ जुलै

ती. मधुदादास शि. सा. न. वि. वि.

कपाळावर हात मारला! अरे, छातीखाली एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, म्हणून पोट पुढे यायलाच हवं. तू तेच आवळून धरतोस, मग बिचारे मान-खांदे ओढाताण करतात. व्यायामशाळेतली ती ऐट फोटोपुरती होती रे.

उताणा झोप, गुडघे वाकव, पोटावर तांदळाची छोटी पिशवी ठेव. श्वास घेताना पिशवी वर, सोडताना सावकाश खाली. खांदे उचलले तर सपनावहिनीला चिमटा काढायला सांग. चक्कर आली तर थांब, आणि डॉक्टरांना विचारूनच कर. मला भीती वाटते रे, म्हणून ओरडते.

माया असू दे, पोट सैल असू दे.

तुझी शेवंती

घाटकोपर, ६ ऑगस्ट

चि. सौ. शेवंतीस अ. उ. आ.

डॉक्टर हो म्हणाले. पण इतकी वर्षं आत ओढलेलं पोट सपनासमोर सोडायची लाज वाटली. ती म्हणाली, ते तिला लग्नापासून माहीत आहे! पिशवी आता झकास वरखाली होते. चंद्रप्रकाशला सांगू नकोस.

आठवण ठेव.

मधुदादा

बोरिवली, ३० ऑगस्ट

ती. मधुदादास शि. सा. न. वि. वि.

परवा गणपती पोचवून आल्या आल्या तू तणतणत फोन केलास. तुझी पिशवी गेली खड्ड्यात म्हणालास. आरतीत चंद्रप्रकाशच पुढे गेला, सपनावहिनी टाळ वाजवत हसत होती, मोदकही त्यानेच जास्त हाणले, आणि मी पुन्हा योगाचं नाव काढलं तर बघ म्हणालास. मी नाक ओढलं, म्हणून विचारलंस, रडतेस का.

रडतच होते. अरे वेड्या, एवढं सगळं तू मला न थांबता सुनावलंस. एकदाही धाप लागली नाही.

आता पत्रं पुरे. रोज फोन कर आणि असाच भांड.

तुझी शेवंती